मीटरची ओली टोकं

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण हे घडलंय, आणि भर दुपारी घडलंय. आमचे दाजी वायरमन आहेत, थापा मारणारे नाहीत.

ताईला सातवा लागला होता, म्हणून दोन खोल्यांची जागा घेतली. आधीचा भाडेकरू तिथे बाथरूममध्ये मरून पडलेला. वास सुटला तेव्हा कुठे दार फोडलं. शी... फिनेल ओतून ओतून थकले, तरी भिंती चिकटच.

दाजी गिझरची लाइन तपासायला बसले. ताई ओट्यावर फडकं मारत होती.

मेन स्विच बंद. बाथरूममध्ये वायरची दोन टोकं मोकळी, एकमेकांपासून वीतभर लांब. दाजींनी बाहेरच्या बोर्डावर त्याच वायरींना तपासणीचा मीटर लावला. तिकडे कुणी ती टोकं जुळवली, तरच इकडे बीप वाजतो.

मीटर गप्प होता.

मग...

बीप.

"अगं, वायरींना हात लावू नकोस."

"मी कशाला लावू? इथेच तर आहे."

दाजींनी मान वर केली. ती खरंच समोर होती.

दाजी आत गेले. कुणीच नाही. टोकं तशीच लांब. पण ओली... पिवळट, बुळबुळीत. एका तांब्याच्या तारेला कातडीचा पापुद्रा चिकटलेला. दाजी तिथेच ओकले.

बाहेर बीप पुन्हा सुरू झाला.

"फुटपाथवरचा मीटर तो, चांगला आणा," ताई वैतागली. "ही जागा सोडली तर बाळाला घेऊन राहायचं कुठे? जा, तोवर मी आवरते."

दाजींनाही तेच हवं होतं. दोष मीटरचा निघाला की सुटलो.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने चांगल्यातला मीटर काढला. सील समोर फोडलं. नवा मीटर घेताना दाजी त्याच्या वायरींच्या टोकांच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून बघतात. वाजला तर घ्यायचा.

अजून टेकवल्याही नव्हत्या...

बीप.

"पीस चांगलाय," दुकानदार म्हणाला. मग त्याने नाक दाबलं. "कसला वास येतोय हो?"

पिना ओल्या होत्या.

दाजी धावत सुटले. ताई दाराबाहेर उभी होती. उजवा हात पदराला पुसत होती... पुसतच होती.

"कुणीतरी धरला," एवढंच म्हणाली.

ती जागा त्याच दिवशी सोडली. एका खोलीत दाटीवाटीने राहतात. बाळ झालं, गुटगुटीत आहे. ताई दिवसभर साबणाने हात घासते.

तरी तिने उजव्या हाताने घास पुढे केला, की बाळ तोंड फिरवतं.

डाव्या हाताने भरवलं की खातं.