एका माईकवर दोघं

"हे काय हाय?" तिकिटाचं मशीन पुढं करत नयननं विचारलं.

"हेल्मेट."

"गाडी तर दिसत नाई कुठं."

"गाडी नाई... यान हाय. बनवून राह्यलो."

यवतमाळ–घाटंजी एसटीत खिडकीशी बसलेल्या त्या मुलाच्या मांडीवर खरोखरच अंतराळवीराचा गोल टोप होता. नयन राठोडला कंडक्टर होऊन सहाच महिने झाले होते, पण असं सामान गाडीत आजवर कुणी आणलं नव्हतं. तिनं हसू दाबलं.

"अन् चालवणार कोण?"

त्यानं वर पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "पायलट शोधून राह्यलो... दोन महिन्यांपासून."

"म्हणून बायांकडं असं पाहतं काय?"

तो कानापर्यंत लाल झाला, आणि घाटंजी येईस्तोवर खिडकीबाहेरच पाहत बसला.

त्याचं नाव संघर्ष. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत तो वेल्डिंगचं काम करायचा आणि उरलेल्या वेळात 'यान सतरा' नावाचा विज्ञानपट बनवायचा. निर्माता नव्हता, स्टुडिओ नव्हता. मोबाईलवर व्हिडिओ टाकून तो लोकांना सरळ सांगायचा, "पिक्चर तुमचाच हाय. जे जमन ते द्या, शेवटी परद्यावर तुमचं नाव येईन." आणि लोक देत गेले. नेरच्या एकानं बंद पडलेल्या कापूस-जिनिंगचं शेड उघडून दिलं. यान तिथंच उभं राहिलं. नयनच्या बंजारा तांड्यावरच्या बायांनी अंतराळवीराच्या पोशाखावर आरसे टाचून दिले. त्यात तिची आई बिजलीबाई सगळ्यांत पुढं. पायलट कोण झालं, हे वेगळं सांगायला नको.

दोन वर्षं सुटीच्या दिवशी नयन त्या शेडमध्ये असायची. यानाच्या अरुंद पोटात कॅमेरा लावताना त्याचा हात तिच्या हाताला लागायचा, आणि दोघंही दचकून मागं सरायचे.

"लागलं काय?"

"नाई... लागलं नाई."

एवढंच. त्यापुढं तो कधी गेलाच नाही.

शेवटी प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी तिनंच विषय काढला. घरच्यांच्या आग्रहानं तिनं पुसद डेपोला बदली मागितली होती. वडिलांनी तिकडचा एक मुलगाही पाहून ठेवला होता. पुढच्या शुक्रवारी पाच वाजेपर्यंत अर्ज मागं घेतला नाही, तर बदली पक्की.

"घेऊ काय मागं?" तिनं विचारलं.

संघर्ष वायर गुंडाळत राहिला. "तुझी मर्जी..."

ती उठली आणि निघून गेली. मग तिनं त्याचा एकही फोन घेतला नाही.

प्रदर्शनही नेमकं त्याच शुक्रवारी होतं. घाटंजीच्या टॉकीजचे मालक गफ्फारभाई स्पष्ट बोलले होते, "बारा वाजताचा खेळ धड पार पडला, तर पुढचे देईन. नाहीतर परदा दुसऱ्या पिक्चरले."

नयनची गाडी एक वाजता घाटंजीला लागली. अर्ध्या तासाचा थांबा होता. जायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण पाय ऐकेनात. "आलेच, काका," असं ड्रायव्हर भावसिंगकाकाला सांगून ती खाकी कपड्यातच टॉकीजकडं पळाली.

आत अंधारात माणसं भिंतीला टेकून उभी होती. नेरचे, लोहाऱ्याचे, सगळा तांडा... आणि परद्यावर ती स्वतः, एवढी मोठी!

तेवढ्यात खर्रर्र झालं आणि आवाज गेला.

चित्र चालू, पण आवाज नाही. आधी शिट्ट्या वाजल्या, मग आरडाओरडा. गफ्फारभाई मशीनच्या खोलीतून ओरडले, "पुरा ॲम्प्लिफायर जळला! बंद करून राह्यलो मी!"

"नका करू!" संघर्षचा चेहरा पांढराफटक पडला होता. शेवटची वीस मिनिटं उरली होती.

नयननं त्याची बाही धरली. "बाहेर पिक्चरच्या जाहिरातीचा ऑटो उभा हाय, त्यातला भोंगा आण. डायलॉग मले पाठ हायेत... तुले?"

आठ दिवसांनी ती त्याच्याशी बोलली होती. तो क्षणभर नुसता पाहतच राहिला.

"पाहून काय राह्यला? पळ!"

भोंगा आला, पण माईक एकच. दोघं परद्याच्या कडेला खांद्याला खांदा लावून उभे राहिले. यानातल्या पायलटचं ती बोलायची, खालच्या नियंत्रण कक्षाचा आवाज तो. तिचं वाक्य संपलं की तो पुढं वाकायचा, त्याचा श्वास तिच्या गालावर... प्रेक्षक हळूहळू शांत झाले.

शेवटचा प्रसंग आला. यान कायमचं दूर निघतं. नियंत्रण कक्षानं म्हणायचं होतं, 'संपर्क तुटतो आहे. निरोप.'

संघर्ष बोललाच नाही.

कुणीतरी खाकरलं. नयननं त्याला कोपर मारलं.

"जाऊ नको," तो माईकमध्ये म्हणाला. "मले बोलता येत नाई... भेव वाटते. पण तू जाऊ नको."

परद्यावरच्या पायलटचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. मग भोंग्यातून नयनचा आवाज आला, "...एवढे दिवस काहून नाई बोलला?"

टॉकीजमध्ये टाळ्या पडल्या. लोकांना ते पिक्चरमधलंच वाटलं. तिसऱ्या रांगेतली बिजलीबाई मात्र परद्याकडं पाहत नव्हती. ती मान वळवून सरळ या दोघांकडं पाहत होती.

परद्यावर मदत करणाऱ्यांची नावं सरकू लागली. गाणं वाजायला हवं होतं, पण ते नव्हतं, म्हणून लोकच आपापली नावं मोठ्यानं वाचू लागले. कुणी बापाचं वाचलं, कुणी अख्ख्या गावाचं. त्या गलक्यात गफ्फारभाई येऊन म्हणाले, "दुसरा ॲम्प्लिफायर मंगवतो. तीनचा खेळ पक्का, अन् सहाचाबी!"

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. नयन दाराशी पोहोचली, तर आई वाट अडवून उभी होती.

"याडी..."

बिजलीबाईनं तिच्यामागं धावत आलेल्या संघर्षला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हा बोलते म्हणा शेवटी." मग लेकीला म्हणाली, "जाय, गाडी सुटन. तुह्या बापाले मी सांगते."

नयन गाडीच्या पायरीवर चढली. संघर्ष खाली उभा, धापा टाकत.

"मी येऊ संग? डेपोत?"

"पिक्चर सांभाळ. अर्ज माझा हाय, मीच मागं घेते." तिनं दार ओढलं, पुन्हा थोडं उघडलं. "सहाच्या खेळाले येते... अन् हे पाह्य, तेव्हा माईकमंदी नाई सांगायचं. कानात सांगायचं."

तिनं दोनदा बेल ओढली, आणि गाडी यवतमाळच्या रस्त्याला लागली.