धाकट्या राणीसाहेबांची लिफ्ट

मागचं दार लावून घ्या, वारा येतोय. आणि मध्येच हसू नका. ही माझ्या साडूची गोष्ट आहे, ज्याला तुम्ही लिफ्टवाले काका म्हणता त्याची.

गेल्या वर्षी, चौदा डिसेंबर, शनिवार. राजवाड्याचं आता संग्रहालय झालंय, तुम्ही पाहिलंय: वाघांची मुंडकी, चांदीची बग्गी, भिंतभर आरसे. तिथे संस्थानच्या काळातली एक लाकडी लिफ्ट आहे, दोन मजल्यांच्या मधेच अडकून कित्येक वर्षं बंद पडलेली. नव्या अधिकारीण बाईंना ती पर्यटकांसाठी सुरू करायची होती. त्यांनी साडूला बोलावलं. दिवसा गर्दी, म्हणून काम रात्री. रखवालदाराने पुढच्या दाराला आतून कुलूप घातलं. आत हे दोघंच.

"राजाची लिफ्ट दुरुस्त करतोय म्हणजे एखादं गाव तरी इनाम मिळायला हवं," साडू म्हणाला.

रखवालदार हसला नाही.

सव्वाअकराला साडूने वीज जोडली. लगेच भिंतीवरची घंटी वाजली. लिफ्टच्या आतलं बटण दाबलं की वाजते ती.

"वर कोण आहे?"

"कोणी नाही. सगळ्या किल्ल्या माझ्या कमरेला आहेत."

घंटी थांबेना. ओल धरली असेल, कुठेतरी तारा चिकटल्या असतील, असं म्हणत साडूने पक्कड घेतली आणि घंटीची तार कट्कन तोडली.

रखवालदाराचा चेहरा पडला. "तुम्हीपण तोडलीत?"

मग त्याने सांगितलं. त्याच्या आजोबांनी पाहिलेलं. खाली दरबार हॉलमध्ये मेजवानी होती. धाकट्या राणीसाहेब लिफ्टमध्ये अडकल्या. घंटी सारखी वाजत राहिली. पाहुण्यांना त्रास नको म्हणून राजेसाहेबांनी तार तोडायला लावली. म्हणाले, सकाळी बघू. सकाळी छत फोडून बाहेर काढलं तेव्हा... त्यानंतर ती लिफ्ट कोणी हलवलीच नाही.

तेवढ्यात वरून आवाज आला.

ठक... ठक.

लाकडावर. आतून.

"चला इथून," रखवालदार पुटपुटला. किल्ली कुलपापर्यंत न्यायची तर लिफ्टसमोरूनच जावं लागणार होतं.

साडू मला नंतर म्हणाला, "भाऊ, पळालो असतो. पण तार माझ्या हाताने तोडली होती ना." त्याने तार पुन्हा जोडली. वर बघून मोठ्याने म्हणाला, "आणतो. खाली आणतो. घाबरू नका."

ठकठक थांबली. घंटीही वाजली नाही.

त्याने खटका ओढला. मोटार घरघरली. लिफ्ट उतरू लागली. हळू... खूप हळू. जमिनीच्याही दोन बोटं खाली जाऊन थांबली.

रिकामी लिफ्ट अशी खाली बसत नाही. त्याचा जन्म या कामात गेलाय.

त्याने जाळीचं दार सरकवलं.

आत कोणी नाही. एक बाक. धूळ.

दोघं बाजूला झाले. भिंतीला पाठ लावून उभे.

आणि लिफ्ट वर आली.

दोन बोटं.

माणूस उतरल्यावर येते तशी.

...

कोणी हललं नाही. उजाडेपर्यंत.

सातला अधिकारीण बाई आल्या. बाहेरूनच ओरडल्या, "रात्री अनवाणी बाहेर कोण आलं होतं?"

कुलूप तसंच होतं. आतून. रखवालदाराने ते उघडलं.

बाई खालीच उभ्या होत्या, पायरीवर पाय न ठेवता. दव पडून संगमरवरी पायऱ्या ओल्याचिंब झाल्या होत्या. पायऱ्यांवर पावलं होती. लहान, बाईची. कोरडी. दारापासून खाली जाणारी. परतीची एकही नाही.

तिघं बघत राहिले. ऊन वर आलं. पायऱ्या वाळल्या.

आणि पायऱ्या वाळत गेल्या तशी ती पावलं... ओली होत गेली.