सतरा ड्रेस, सगळे ताईचे

चेन अडकली ती बरोबर पाठीच्या मधोमध. वर जाईना, खाली येईना. धाकटीने हात मागे नेऊन ओढून पाहिली, आरशाकडे पाठ करून मान मोडेपर्यंत वळून पाहिलं... कसलं काय! घरात मदतीला कोणी नाही. ताई सकाळच्या पाळीला, इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासत बसलेली. मैत्रिणीच्या वाढदिवसाला उशीर होत होता तो वेगळाच. आणि मुख्य म्हणजे हा हिरवा ड्रेस उद्या परत जायचा होता.

हो, परत! ऑनलाइन मागवायचा, लेबल अलगद कापून खणात ठेवायचं, ड्रेस एकदा मिरवायचा, आणि लेबल पुन्हा होतं तसं बांधून, ‘मापात बसला नाही’ असं लिहून पाठवून द्यायचा. हा धाकटीचा अकरावा होता. पण चेन मोडलेला ड्रेस कोण परत घेणार?

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी कपडे दुरुस्तीचं टेबल लागतं, अशी पाटी तिने येता-जाता वाचली होती. अंगावर जाकीट टाकून ती धावतच गेली. टेबलामागे एकच तरुण, नाकावर अर्ध्या फ्रेमचा चष्मा, तोही डावीकडे कललेला.

“काय फाटलंय?” त्याने विचारलं.

“फाटलं नाही... अडकलंय.”

“कुठे?”

“पाठीवर—” ती म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

त्याने सुईदोरा बाजूला ठेवून शिसपेन्सिल उचलली. “पाठ करा इकडे. श्वास घ्या... आता सोडू नका. आणि हसू तर अजिबात नका.”

हसू नका म्हटल्यावर हसू न येणारी मुलगी अजून जन्मायची आहे. ती खुदकन हसली, तो “अहो!” म्हणाला, पेन्सिलचं टोक चेनीच्या दातांवरून दोनदा फिरलं आणि चेन सर्रकन वर गेली. त्याचा हात जेमतेम लागला असेल मानेला. तेवढ्यानेही तिच्या अंगावर काटा आला.

“नवा दिसतोय ड्रेस.”

“छे! ताईचा आहे.” थाप इतकी सहज निघाली की तिचं तिलाच नवल वाटलं.

“वा!” त्याचा चेहरा उजळला. “बहिणीचे कपडे हौसेने घालणारं माणूस किती दिवसांनी भेटलं. नाहीतर लोकांना एकदा घातलेला कपडा दुसऱ्या दिवशी जुना वाटतो.”

तेव्हाच खरं सांगून टाकायचं. पण इतकं कौतुक तिच्या वाट्याला फारसं आलं नव्हतं. तिने ते गुपचूप पदरात पाडून घेतलं आणि म्हणाली, “तुमचा चष्मा वाकडा आहे. बुधवारी आमच्या चष्म्याच्या दुकानात या, सरळ करून देते.”

धाकटी चष्म्याच्या दुकानात काम करायची. सगळीकडे आरसे, आणि शेजारच्या काउंटरवर तिच्याच वयाच्या दोघी. दोन वर्षांपूर्वी त्यांतली एक सगळ्यांसमोर म्हणाली होती, “अय्या, हा तू सोमवारीच घातला होतास ना?” एवढंच. पण धाकटीच्या ते असं जिव्हारी लागलं की त्यानंतर तिने कपड्यांची ही युक्ती शोधून काढली. वापरला, पण मळवला नाही. दुसरं कोणीतरी घेईल, कोणाचं काय बिघडलं? अशी ती मनाची समजूत घालायची.

बुधवारी तो आला. तिने फ्रेमची काडी गरम करून वाकवली, त्याच्या कानांवर बसवली. इतक्या जवळून माणसाच्या डोळ्यांत बघणं हे तिचं रोजचंच काम, पण त्या दिवशी काही धड जमेना.

“कानामागे लागतंय का?”

“लागू दे की. म्हणजे परत यावं लागेल.”

“तसेही या... म्हणजे, काचा पुसायला.”

“काचा पुसायला येईन हो, चष्मेबाई. पण त्या दर आठवड्याला मळवायच्या कशा?”

मळवायचा बरं का तो! पुढचे सगळे बुधवार तो अंगठ्याचे ठसे उमटलेला चष्मा घेऊन यायचा. ती त्याला ‘चेनवाले’ म्हणायची. दुपारच्या सुट्टीत दोघं दुकानाबाहेरच्या बाकावर चहा प्यायची आणि तो तिच्याकडे बघून विचारायचा, “हाही ताईंचाच?”

“हो... ताईचाच.”

“भाग्यवान आहेत तुमच्या ताई.”

ती घाईघाईने चहा संपवायची. तिला तो फार आवडायला लागला होता. आणि जितका तो आवडत होता, तितकी तिला स्वतःची लाज वाटत होती.

एका बुधवारी तिने विचारलं, “कपड्यांच्या गोदामात कामाला आहे म्हणालात, तिथे नक्की काय करता हो तुम्ही?”

“बगला हुंगतो.”

“ईऽऽ! काहीतरीच!”

“देवाशपथ. लोकांनी परत पाठवलेले कपडे माझ्या टेबलावर येतात. एका कपड्याला चाळीस सेकंद. बघायचं, चाचपायचं, हुंगायचं. कोरा असेल तर हिरव्या पेटीत, वापरलेला असेल तर लाल.”

“आणि लाल पेटीतला... कुठे जातो?”

“कापायला. मोठं यंत्र आहे. चिंध्या करतात.”

“धुऊन नाही विकत? कोणाला देत नाहीत?”

“धुवायला, इस्त्रीला माणूस लावण्यापेक्षा कापणं सोपं पडतं. फुकट वाटला तर नवा कोण घेईल, असं साहेब म्हणतात.” तो कपाच्या तळाशी बघत बोलत होता. “एक बाई आहे. तिचं नाव मला दिसत नाही, पण हात ओळखतो. लेबल कापून पुन्हा बांधते. अशी बारीक, काचेसारखी आरपार गाठ! शिवणाचा दोरा नव्हे, मासे धरायचाही नव्हे. कुठला ते मला अजून कळलेलं नाही. पण गाठ दिसली की नियमाने लाल पेटी. कपडे मात्र सुरेख असतात हो. घालावेत तर नीट घालावेत ना तिने! लाल पेटीत टाकताना जिवावर येतं.”

तो दोरा धाकटीच्या काउंटरच्या दुसऱ्या खणात होता. अर्ध्या फ्रेमच्या चष्म्यात काचेला खालून धरून ठेवतात, तो. म्हणजे कोणीतरी घेईल, कोणीतरी घालेल म्हणून पाठवलेले सगळेच्या सगळे... चिंध्या. आणि ते कापायला पाठवायचे कोणी, तर याने! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. घरी गेल्यावर तिने बोटांवर मोजले. सतरा.

त्यानंतर आठवडाभर तिने एकच जुना निळा ड्रेस पुन्हा पुन्हा घातला. शेजारच्या काउंटरवरची काहीतरी बोलली. काय बोलली ते हिने ऐकलंसुद्धा नाही. डोक्यात एकच चक्र: सांगितलं तर हा उठून जाईल, नाही सांगितलं तर जन्मभर याच्यासमोर मान वर करता येणार नाही.

आणि मंगळवारी, दुकान अर्धा दिवस असतं त्या दिवशी, बंद व्हायच्या वेळेला तो चाचपडतच आत आला. एका हातात फ्रेम, दुसऱ्या हातात सुटलेली काच.

“खालचा दोरा तुटला बहुतेक. चष्म्याशिवाय तुम्हीसुद्धा धुरकट दिसताय. लवकर करा, नुकसान होतंय माझं.”

एरवी ती खळखळून हसली असती. काच बसवायचं काम पडद्यामागे चालायचं. पाच मिनिटांत बसवून दिली असती तर त्याला जन्मात कळलं नसतं. ती पडद्यापर्यंत गेली, थांबली. मग परत आली, खण उघडला आणि दोऱ्याचं रीळ त्याच्या तळहातावर ठेवलं.

“हे काय?”

“बघा ना...”

त्याने बोटांनी दोरा चाचपला. डोळ्यांपाशी नेला. पुन्हा चाचपला. मग त्याचा चेहरा असा काही बदलला की ती टेबलाची कड घट्ट धरून उभी राहिली.

“सतरा आहेत,” ती म्हणाली. “हिरवासुद्धा. त्या दिवशी तुम्ही चेन नीट केलीत आणि दुसऱ्या दिवशी मी तो पाठवून दिला. मला... मला खूप लाज वाटतेय.”

त्याने रीळ टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, “ताई तरी आहे का?”

कपड्यांवरून बोलला असता तर तिने ऐकून घेतलं असतं. पण हे फारच लागलं. “आहे,” ती म्हणाली. “खरंच आहे. काच बसवून देते आणि... चला माझ्याबरोबर. तिच्यासमोर सांगते सगळं.”

ताई नुकतीच कामावरून येऊन पाय पसरून बसली होती. अनोळखी तरुण पाहून ती गडबडीने उठली. धाकटीने बसायलाही वेळ घेतला नाही. उभ्या उभ्या, एका दमात सगळं सांगून टाकलं.

“माझा ड्रेस?” ताई बघतच राहिली. “अगं, माझे आहेत किती! चार. विचारलं असतंस तर दिला नसता का मी?”

“मला ते नकोच होते, ताई.”

“म्हणजे?”

“मला... तुझ्या कपड्यांची लाज वाटायची.”

ताईने नकळत आपल्या बाहीचा कोपरावरचा रफू केलेला भाग हाताने झाकला. ते पाहून धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सतरा ड्रेसपेक्षा हे मोठं होतं, आणि आजवर तिने ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं. ती रडायला लागली.

“बरं,” ताई म्हणाली. “बोललीस ते एक बरं केलंस. आता त्यांना खालपर्यंत सोडून ये. तुझ्याकडे मी नंतर बघते. सोडणार नाहीये मी तुला!”

दोघं जिना उतरली. खालच्या पायरीवर तो थांबला. रिमझिम सुरू झाली होती आणि चष्म्यावर थेंब पडत होते. तो पुसत नव्हता.

“रागावलात ना?” तिने विचारलं.

“रागावलोय. अजून दोन दिवस रागावणार आहे.” त्याने मान खाली घातली. “पण तुम्ही एकट्याच नाही आहात लाजायला. मी रोज ढीगभर चांगले कपडे लाल पेटीत टाकतो आणि घरी आईला सांगतो, मी पॅकिंगला आहे. तीन वर्षं झाली. आई शिवणकाम करून मला वाढवणारी बाई. तिला काय सांगू, तिच्या मुलाचं काम काय ते? रविवारी टेबल लावतो ते तेवढ्याचसाठी... निदान एखादा तरी वाचावा म्हणून.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. इतके बुधवार समोर बसलेला हा माणूस तिला आज पहिल्यांदाच नीट दिसत होता.

“मला सांगायचंय तिला,” तो म्हणाला. “पण एकट्याला जमत नाही. तुम्ही याल? काही बोलू नका. नुसत्या शेजारी बसा. खरं बोलणारं कोणी जवळ असलं की...”

“मी? खरं बोलणारी?”

“आजपासून,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच किंचित हसला. “आणि आईला भेटवतोय म्हटल्यावर... पुढचं तुम्हाला कळलं असेलच. नसेल कळलं तर तेही सांगतो. आवडता तुम्ही मला. फार.”

आपण या लायकीचे आहोत का, हेच धाकटीला कळत नव्हतं.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून ताईचा रडवेला आवाज आला, “अगं, हो म्हण ना! भिजतोय बिचारा!”

“हो,” ती म्हणाली, पण इतकं हळू की त्याला पुन्हा विचारावं लागलं.