किल्लीवाल्याची मूठ

तो पंखा जरा कमी करा आणि सगळे पुढे सरका, मला ओरडून सांगायची सवय नाही. आणि तू, मोबाइल उलटा ठेव. मघाशी भूत दाखवा म्हणत होतास ना? दाखवायला माझ्याकडे काही नाही. घडलं ते सांगतो. पटलं तर घ्या, नाही पटलं तर निवांत झोपा.

माझ्या धाकट्या मेहुण्याला तुम्ही पाहिलंय. तो एमआरआयच्या मशीनवर टेक्निशियन होता, म्हणून घरात सगळे त्याला चुंबक म्हणायचे. लोखंड सोडून त्याला आयुष्यात काही चिकटलं नाही, असं तुमची आजी म्हणायची. सख्खी बहीण ना, तिला सगळं माफ. पण माणूस मायाळू. मशीनच्या बोगद्यात झोपलेल्या पेशंटला सूचना द्यायला टेप केलेला आवाज असतो, तो हा कधी लावायचा नाही. आत कान किटवणारी ठकठक, डोकं हलवायचं नाही, माणसाचा जीव अर्धा होतो. म्हणून हा स्वतः माइकवरून बोलायचा. त्याच्या आवाजानं रडकी पोरंसुद्धा निपचित पडून राहायची. पुढचं सगळं त्या आवाजामुळेच झालं, असं तो अजून म्हणतो.

महिन्याचा शेवटचा गुरुवार होता, रात्रीचे साडेनऊ. हा डबा आवरून निघतच होता, तेवढ्यात मेंदूच्या डॉक्टरांचा फोन आला, एवढा एक पेशंट करून जा म्हणून. पेशंट होता एक किल्लीवाला. अख्ख्या गावाची कुलपं उघडणारा माणूस, आणि आठ महिने त्याची स्वतःची उजवी मूठ उघडत नव्हती. मूठ तरी कसली, आतून पोकळ. पहिली दोन बोटं सरळ, बाकीची दुमडलेली, वर अंगठा टेकलेला. नसा तपासून झाल्या, मणका तपासून झाला, गोळ्या झाल्या, मालिश झालं. कुठे काही सापडेना. शेवटचा उपाय म्हणून मेंदूचा फोटो.

बरोबर बायको होती. आत धातू नेता येत नाही, म्हणून नवऱ्याचं घड्याळ, पट्टा, किल्ल्यांचा जुडगा असं सगळं मांडीवर घेऊन ती बाहेरच्या बाकावर बसली. मेहुण्याला म्हणाली, "भाऊ, काय ते एकदाचं सापडू दे. दुकान बंद आहे. आणि हे त्या हाताकडे बघत बसतात, माझ्याकडे बघतच नाहीत."

आत टेबलावर झोपवताना मेहुण्यानं सहज विचारलं, कधीपासून आहे हे. किल्लीवाला छताकडे बघत म्हणाला, "मुलगी गेली तेव्हापासून."

सहा वर्षांची होती. तापाचं निमित्त झालं. रस्ता ओलांडताना ती बापाची ही दोन बोटं धरायची आणि तो म्हणायचा, काही झालं तरी सोडायचं नाही. दवाखान्यातही तिनं तीच बोटं धरली होती. तिथंही तो तेच म्हणत राहिला. सोडू नको बाळा, सोडू नको. बायको तेवढ्यात खाली औषधं आणायला गेली होती. ती वर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

"डॉक्टर म्हणतात, मनाचा खेळ आहे," किल्लीवाला म्हणाला. "असेलही. मला बरं नाही व्हायचं, साहेब. ती आहे की नाही, एवढंच कळू दे."

मेहुण्यानं पेशंटच्या डोक्याभोवती स्पंज लावले, टेबल आत सरकवलं आणि काचेपलीकडच्या खोलीत येऊन बसला.

आता ही तपासणी कशी असते ते ऐका, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे रक्त जास्त धावतं, आणि पडद्यावर तो भाग उजळतो. पेशंटला म्हणायचं, मूठ आवळा. मग म्हणायचं, सोडा. हात हलवणारा भाग एकदा उजळतो, एकदा विझतो. त्याच्या शेजारीच स्पर्श कळणारा भाग असतो. कुणी आपल्या हाताला हात लावला की तो उजळतो.

मेहुणा म्हणाला, "आवळा."

हलवणारा भाग काळाच राहिला. स्पर्शाचा मात्र उजळला.

"सोडा."

तसाच. हलवणारा काळा, स्पर्शाचा उजळ. पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. मेहुणा खुर्चीत पुढे सरकला. हा माणूस मूठ आवळतच नव्हता. त्याचा हात... कुणीतरी धरला होता.

त्यानं काचेतून पाहिलं. बोगद्यातून बाहेर आलेले पाय. पायांवर चादर. बाकी खोलीत कुणी नाही.

ठकठक थांबली. दोन फेऱ्यांच्या मध्ये थांबतेच ती. हेडफोनमध्ये श्वास ऐकू येत होता. मोठ्या माणसाचा, सावकाश. आणि त्याच्या मागे आणखी एक. लहान. भरभर. ताप चढल्यावर पोरं घेतात तसा.

"दादा, बरे आहात ना?"

"हो."

"जोरात श्वास घेताय?"

"मी नाही."

...

मेहुणा सांगतो, भीती वाटली, पण त्याहून जास्त गलबलून आलं. पुन्हा ठकठक सुरू झाली तर ते पोर घाबरेल, एवढंच डोक्यात आलं. आणि सुई टोचून घेणाऱ्या पोरांसाठी तो जो आवाज काढायचा, तो आपोआप बाहेर पडला.

"सोड, बाळा. झालं हं आता. सोड."

पडद्यावरचा उजेड विझला.

लहान श्वास थांबला.

काचेपलीकडे चादर हलली. आतून किल्लीवाल्याचा आवाज आला, अगदी हळू. "कुणी सांगितलं तिला सोडायला?"

मेहुण्यानं टेबल बाहेर घ्यायचं बटण दाबलं.

"मी सांगितलं होतं, सोडू नको. ती ऐकते हो मोठ्यांचं. आता तुमचंही ऐकलं तिनं."

टेबल बाहेर घेतलं तर मूठ उघडली होती. पाची बोटं मोकळी. पहिल्या दोन बोटांच्या बुडाशी कातडी पांढरी पडली होती, कुणीतरी घट्ट दाबून धरावी तशी. बघता बघता तिथे रक्त आलं आणि रंग सारखा झाला. किल्लीवाला त्या हाताकडे बघून ओक्साबोक्शी रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "परत आत घ्या मला. तिला सांगा, धर म्हणून. तुमचं ऐकेल ती."

नियमात बसत नव्हतं, पण मेहुण्यानं घेतलं. माइकवर तोंड ठेवून त्याच आवाजात म्हणाला, "धर बाळा. बाबांचा हात धर."

काही नाही.

"धर ना, सोन्या."

पडदा काळा. श्वास एकच. मेहुणा सांगतो, तेव्हा तोही रडला, आणि माइक बंद करायचं भानही त्याला राहिलं नाही. शेवटी किल्लीवालाच आतून म्हणाला, "राहू द्या साहेब. थकली असेल."

दोघं बाहेर आले. बायको बाकाजवळ उभी होती. नवऱ्याचा मोकळा हात दिसल्यावर ती आनंदानं काही बोलेल असं मेहुण्याला वाटलं होतं. घड्याळ, पट्टा, जुडगा सगळं तिनं डाव्या हातात कसंबसं कवटाळलं होतं. उजवा हात खाली सोडलेला, अंगापासून थोडा दूर.

किल्लीवाल्यानं लिफ्टचं बटण दाबलं.

"जिन्यानं जाऊ," ती म्हणाली.

"तीन मजले आहेत. दमलीयेस तू."

"लिफ्ट नको."

"का?"

"काय माहीत... नको वाटतंय."

किल्लीवाला जागीच थांबला. मेहुण्याकडे न बघताच त्याला म्हणाला, "आमची पोर लिफ्टमध्ये पाय ठेवायची नाही." मग बायकोच्या उजव्या हाताला वळसा घालून तो पलीकडच्या बाजूला गेला. दोघांच्या मध्ये त्यानं जागा ठेवली.

मेहुणा वरून बघत होता. ती एक पायरी उतरायची, थांबायची, मग दुसरी. तिचा उजवा खांदा किंचित कललेला. किल्लीवाला त्याच चालीनं उतरत होता. त्यानं आपली दोन बोटं मधल्या रिकाम्या जागेत पुढे केली होती. खालच्या वळणापर्यंत तशीच धरून ठेवली होती त्यानं. ती कुणी घेतली नाहीत.

रिपोर्टमध्ये मेंदू ठणठणीत आला. किल्लीवाल्यानं दुकान उघडलं. मागच्या वर्षी मीच तिथून किल्ली करून आणली. बायको शेजारी बसली होती, गिऱ्हाइकांशी हसून बोलत होती, सगळं डाव्या हातानं देत-घेत होती. तिची उजवी मूठ मांडीवर होती. दोन बोटं सरळ, अंगठा वर टेकलेला, आतून पोकळ. दाखवलं का कुणाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, नाही, आणि दाखवायचंही नाही.