दुसरा स्विच

जिन्यातल्या वायरीत पाय अडकला आणि उर्वशी थेट त्याच्या अंगावर... नाही, थोडक्यात वाचली, त्याच्या टूलबॅगवर आदळली.

“लागलं का?”

“मले नाही. तुमच्या वायरले विचारा.”

तो हसला. ते हसू तिला उगाचच आवडलं.

साल दोन हजार सहा. कापसानं जिल्ह्याची झोप उडवली होती. यवतमाळच्या त्या मदत केंद्रात दिवसभर खचलेल्या माणसांचे फोन यायचे. तिथले कॉम्प्युटर उर्वशी सांभाळायची, आणि नवे सर्व्हर बसवायला नागपूरहून हा राजदीप आला होता. सगळ्यांची माहिती आता एकाच सामाईक स्टोरेजमध्ये राहणार होती. सर्व्हर तिथवर जोडायचे कसे, एवढंच ठरायचं होतं.

राजदीपच्या आराखड्यात मधोमध एकच स्विच होता, सगळ्या वायरी जोडणारी पेटी.

“हा बंद पडला तं?” तिनं विचारलं.

“सहसा पडत नाही.”

“सहसा...” ती म्हणाली. “मागच्या महिन्यात स्क्रीन गोठली, तवा महागावचे धावजी फोनवर रडून राह्यले होते. फोन कटला. पत्ता कॉम्प्युटरातच अडकला. गावभर विचारत फिरलो आमी. शेतात एकटेच बसले होते... वेळेवर भेटले, म्हणून सांगून राह्यली.”

राजदीपनं कागद उलटा केला. दोन स्विच काढले, एकमेकांपासून अगदी वेगळे. प्रत्येक सर्व्हरची एक वायर याला, एक त्याला. स्टोरेजचंही तसंच.

“खर्च वाढेल. साहेब ओरडतील,” तो म्हणाला.

“मंग?”

“ओरडू द्या.”

तो व्हरांड्यात साहेबांशी फोनवर भांडत राहिला. ती आत नखं कुरतडत बसली. दुसरा स्विच आला.

सगळं जोडून सुरू केलं त्या पहिल्याच दिवशी, केळापूरच्या रामीबाई फोनवर असताना, एका स्विचमधून जळका वास आला. त्याचे दिवे विझले. स्क्रीन थांबली... थांबूनच राहिली. उर्वशीनं शेजारच्या राजदीपचा हात घट्ट धरला.

आणि स्क्रीन हलली. दुसऱ्या स्विचवरून.

“हो, रामीबाई, तुमच्या लेकीचा नंबर दिसतोय मला,” केंद्रात फोन घेणारी दीपा सांगत होती. “लाईनवरच राहा. तिला लावतेय.”

“चालू झालं,” राजदीप हळूच म्हणाला. “हात...”

“सोडू?”

“नको.” तो थबकला. “दोन दिवसांपासून जीव थाऱ्यावर नाही माझा.”

“स्विचपायी?”

“नाही. काम संपलं की इथं यायला कारण काय सांगू — त्यापायी.”

उर्वशीचे कान तापले. तिनं स्क्रीनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“कारण कायले लागते?” ती म्हणाली. “मी हाय ना.”