इतर हक्क

तार संपली म्हणून जिनेंद्र दुपारी फलटणला गेला. जाताना म्हणाला, अंधार पडायच्या आत येतो, तोवर अण्णांना एकटं सोडू नकोस. मी म्हटलं, अण्णा कुठे जाणार, चहूबाजूंनी तुझं कुंपण तर आहे. हे मी थट्टेनं म्हटलं होतं. त्या संध्याकाळी जे झालं ते आठवलं की अजून माझ्या हातातलं काम थांबतं, म्हणून आधी बाकीचं सांगून घेते.

जिनेंद्र माझा नवरा. आमचं मूळ गाव सांगलीजवळ, कृष्णाकाठचं. अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांचं अर्धं आयुष्य चुलतभावाशी एका बांधावरून भांडण्यात गेलं. बांध कसला, दोन हात रुंदीचा आणि वर एक वाकडी बाभळ. दावा चालला, अपील चाललं, दोन्हीकडचे वकील म्हातारे झाले. शेवटी निकाल आमच्या बाजूनं लागला, तोवर अण्णांना विसरण्याचा आजार जडला होता. हातावर पेढा ठेवला तर म्हणाले, "कशाचा गं?" मला हसावं की रडावं कळेना. जिनेंद्रनं मात्र त्याच दिवशी ठरवलं, आता अशी जमीन घ्यायची की जिच्यावर दुसऱ्या कुणाचा वीतभरही हक्क नसेल. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. हा तर पाणीसुद्धा फुंकायला लागला.

म्हसवडच्या पलीकडच्या माळाला कालव्याचं पाणी आलं, तसे आमच्याकडचे लोक तिकडे डाळिंबासाठी रानं बघायला लागले. जिनेंद्रला एक रान पसंत पडलं. वकिलानं जुन्या नोंदी खणून काढल्या. कूळ नाही, बोजा नाही, देवाचं इनाम नाही, रुसलेला वारस नाही. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतो. दुसऱ्या कुणाची वाट, विहिरीतला वाटा, बँकेचं कर्ज, काय असेल ते तिथं लिहितात. आमचा रकाना कोरा होता. लोक मोबाईलवर नातवंडांचे फोटो दाखवतात, तसा हा तो कोरा रकाना पाहुण्यांना दाखवायचा.

रान धोंडुबाईंचं होतं. मेंढपाळ घरातल्या त्या विधवा, मूलबाळ नाही. पुतण्या बाळासो अजून मेंढरं राखायचा. दहिवडीला खरेदीच्या दिवशी अंगठा द्यायच्या आधी धोंडुबाई एकच गोष्ट बोलल्या, रानाच्या मधून मेंढरांची वाट आहे, दिवाळीनंतर कळप चाऱ्यासाठी तिथून खाली उतरतो, तेवढी वाट सोडा. जिनेंद्र अदबीनंच बोलला, पण नाही म्हणाला. बाहेरून डांबरी रस्ता आहे, तिथून न्या. कागदावर एकदा निर्वेध लिहिलं की ते निर्वेधच असायला हवं.

धोंडुबाईंनी शाई लावलेला अंगठा तसाच वर धरला. "रान इकलं म्या, मालक," त्या म्हणाल्या. "वाट माजी नव्हतीच. ती कशी इकू?"

मग त्यांनी अंगठा दिला आणि रान आमचं झालं.

घरासाठी जिनेंद्रनं रानाच्या मधली जागा निवडली. तिथली जमीन मुळातच सपाट होती, दगडासारखी घट्ट, कुसळसुद्धा न उगवणारी. पायाचा खर्च वाचेल म्हणून आम्ही खूश. दोन खोल्या, समोरासमोर दोन दारं, वारा आरपार. ती जमीन इतकी घट्ट कुणी केली हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. शिकलेल्या माणसांची अक्कल.

आम्ही सूर्य मावळायच्या आत जेवतो. जेवण झालं की अण्णा पुढच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. राहायला आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी एक नवीन खोड सुरू केली. दिवस बुडताना खुर्ची भिंतीला सरकवायची, पाय पोटाशी घ्यायचे. मी उंबऱ्यावर बसले असले तर मलाही बाजूला व्हायला सांगायचे.

"पाय आत घे गं. तुडवत्यात."

"कोण, अण्णा?"

"ही काय..."

सांगलीच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, अशा आजारात माणसाला नसलेलं दिसतं. म्हणून मी पाय आत घ्यायची आणि हसायची. पण मग वारा नसताना धुरळा यायला लागला. ओल्या लोकरीचा आणि लेंड्यांचा वास यायला लागला, भर उन्हाळ्यात, पावसाचा थेंब नसताना. पुढच्या कुंपणाची तार एका जागी आत वाकली आणि मागच्या कुंपणाची अगदी तिच्या समोर बाहेर वाकली. दोन्हीकडे काट्यांना काळी लोकर चिकटलेली. मी हात लावला तर ती कोमट होती. जिनेंद्र म्हणाला, कुणाची तरी मोकाट जनावरं असतील. त्यानं तारेवर तार चढवली, वर जाळी बांधली. म्हणून तर तार संपली.

तर त्या संध्याकाळी घरात आम्ही दोघंच होतो. जेवणं झाली होती. धुरळा नको म्हणून मी दोन्ही दारांना कड्या घातल्या आणि भांडी आवरायला बसले. बाहेर उजेड होता अजून, तांबूस, मरगळलेला. आधी कुठूनतरी घंटा वाजली. एकच, दबलेली, गळ्यात बांधलेली असते तशी. मग खुरं. ज्वारीच्या लाह्या फोडताना मडक्यातून येतो तसा बारीक आवाज, आणि खूप. तो जवळ आला... पुढच्या दाराशी आला... आणि थांबला.

दाराची कडी हलली. कुणी वाजवत नव्हतं. पलीकडून वजन पडत होतं, पडत होतं, जसं गर्दीतल्या माणसाच्या पाठीवर पडतं.

अण्णा खुर्चीवरून उठले. "मागलं दार उघड की गं... चेंगरून मरतील."

"अण्णा, बसा. बाहेर कुणी नाहीये."

"बाहेर न्हाई..." ते हळूच म्हणाले. "आत आल्याती."

मी उठून उभी राहिले तेव्हा मला कळलं की माझ्या गुडघ्यांना ऊब लागतेय. दोन्ही बाजूंनी. कुणीतरी श्वास घेत होतं, खूप जण घेत होते, खाली, माझ्या कमरेइतक्या उंचीवर. कोपऱ्यातली कळशी आपोआप कलली आणि पाणी सांडलं, पण ते पाणी पसरलं नाही, जागोजागी तुडवल्यासारखं उडालं. मी ओरडले नाही. ओरडायला छाती भरून श्वास लागतो, तेवढी जागाच उरली नव्हती. भिंतीला पाठ घासत मी मागच्या दारापर्यंत गेले आणि कडी काढली.

सगळं माझ्या अंगावरून गेलं. लोकर, ऊब, घंटा, कुत्र्याचं धापा टाकणं. मग एकदम शांत झालं. मी वळून पाहिलं तर अण्णांची खुर्ची रिकामी होती.

मागे कुंपण जसंच्या तसं होतं. माझ्या हनुवटीएवढं उंच, दुहेरी तार, वर जाळी, तिथे फाटकही नाही. अण्णांना उंबरा ओलांडताना हात द्यावा लागायचा. आणि कुंपणाच्या पलीकडे, माळावर लांब, धुरळ्याची एक रेघ चालली होती, तिच्यात अण्णांचा पांढरा सदरा होता. मी तार धरून हाका मारल्या, हातातून रक्त येईपर्यंत. त्यांनी मागे पाहिलं नाही. पुढच्या फाटकातून सगळं रान वळसा घालून मी मागे पोचले, तोवर धुरळा बसला होता आणि माळ रिकामा होता.

जिनेंद्र आला, गावातली माणसं आली, माळ पालथा घातला. अण्णा नाहीत. मग बाळासो मोटरसायकलवर धोंडुबाईंना घेऊन आला. त्यांना मी सगळं सांगितलं. जिनेंद्रसमोर हे बोलायची मला लाज वाटत होती, पण त्या सगळं आधीच ठाऊक असल्यासारखं ऐकत होत्या.

"माज्या सासऱ्याच्या चुलत्याचा कळप हाय त्यो," त्या म्हणाल्या. "दुष्काळात खाली गेला, पोचला न्हाई. अजून चालतुया. वंगाळ करत न्हाईत ती. म्हाताऱ्याला न्हेलं न्हाई त्यांनी, त्योच संगं गेला. माघारी फिरंल. पर फिरून येनार कुठनं? वाट तर तुमी बांधून टाकली."

जिनेंद्र हातात पक्कड घेऊन मागच्या कुंपणाशी उभा राहिला. नुसताच उभा. "आज वाट सोडली," तो माझ्याकडे न बघता पुटपुटला, "तर उद्या कुणीही येऊन म्हणेल..."

मला एवढा राग लग्नानंतर कधी आला नव्हता. "जिनू," मी म्हटलं, "तुला अण्णा हवेत की तो कोरा रकाना?"

त्यानं तार तोडली. एकेक, खालून वर. मग जाळी फाडली, दोन खांब उपटले, बैलगाडी जाईल एवढी जागा केली. पुढच्या कुंपणालाही तसंच केलं. त्यात त्याची मनगटं सोलून निघाली. ती रात्र आम्ही उघड्या दारात बसून काढली, तिच्याबद्दल मला काही बोलायचं नाही.

झुंजुमुंजू झालं आणि मागच्या वाटेनं अण्णा आले. अनवाणी, गुडघ्यापर्यंत धूळ, चाल मात्र अशी की सकाळचा फेरफटका मारून येताहेत. तारा तोडलेल्या जागी ते थांबले. दोन्ही बाजूंना हात लावून पाहिला.

"बांध सोडलास व्हय रं, जिनू?" ते म्हणाले. "लय बरं केलंस."

कित्येक महिन्यांत त्यांनी मुलाला नावानं हाक मारली नव्हती. जिनेंद्र तिथेच मातीत बसला आणि लहान पोरासारखा रडला. माझा जीव भांड्यात पडला. मी अण्णांचे पाय धुतले, तेव्हा कुठे काटा नव्हता की ओरखडा नव्हता. कुठे गेला होता विचारलं तर म्हणाले, "जरा सोबतीला." पुढचं काही त्यांना सांगता आलं नाही, आणि मलाही ऐकायचं नव्हतं.

जिनेंद्र स्वतः तलाठ्याकडे गेला आणि इतर हक्कांत वाट नोंदवायचा अर्ज देऊन आला. तलाठ्यानं विचारलं, कुणाच्या नावे? हा म्हणाला, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या. ते कायद्यात बसेना, मग बाळासोचं नाव घातलं. आता दिवस बुडताना आम्ही दोन्ही दारं उघडी ठेवतो आणि अण्णांसारखे भिंतीला सरकून बसतो. घंटा येते, वास येतो, निघून जातो. माणसाला कशाचीही सवय होते, आणि खरं सांगते, जिनेंद्र इतका गाढ झोपतो हे मला आधी माहीतच नव्हतं.

दिवाळी झाली, बाळासोचा कळप खाली उतरायला निघाला. संध्याकाळी तो आमच्या कुंपणाच्या उघड्या जागेपाशी आला. खरीखुरी मेंढरं, धापा टाकणारी, ढेकळं हुंगणारी. मला आनंद झाला, मी पाण्याची बादली घेऊन पुढे गेले. पण मेंढरं आत येईनात. पुढची मेंढी थांबली, मागचा सगळा कळप थांबला, माना खाली घालून, मुकाट. बाळासोनं त्यांना हाकललं नाही. त्यानं डोक्याचा पटका काढून हातात घेतला आणि बाजूला उभा राहिला. आमच्या घराची दोन्ही दारं उघडी होती. आतून फक्त धुरळा येत होता.

बराच वेळ गेला. मग बाळासोनं दाराशी बसलेल्या अण्णांकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "अण्णा... गेली का समदी?"

अण्णांनी हात वर केला.

"थांब रं," ते म्हणाले. "एक लंगडी हाय. येतीया."

आम्ही सगळे थांबलो.