स्तंभएल्मची मुळं

कापलेल्या फांदीची चकती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवून वनस्पतिरोगतज्ज्ञ डॉ. नोएल तुस्कानो बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "बुरशी नाही, सुलभाताई. एकाही झाडात नाही."

खिडकीबाहेर हिमालयाच्या उतारावर वसवलेलं नवं शहर दिसत होतं. तिथल्या अरुंद रस्त्यांसाठीच डॉ. सुलभा पेंढारकरांनी एल्म वृक्षाची खांबासारखी सरळ वाढणारी जात, स्तंभएल्म, तयार केली होती. हजारो झाडं, सगळी एकाच मातृवृक्षाच्या फांद्यांपासून वाढवलेली. परवापरवापर्यंत हिरवीगार होती. आता उत्तरेकडचे रस्ते तपकिरी पडले होते. लोक अजूनही बुंध्यांशी पाणी ओतत होते.

"मग मरतायत कशानं?"

"तहानेनं. खोडातल्या जलवाहिन्या आतून बंद झाल्यात. झाडांनीच केल्यात."

सुलभाताई खुर्चीत बसल्या. एल्म मारणाऱ्या बुरशीची चाहूल लागताच तेवढ्याच फांदीचं पाणी बंद करून रोग अडवायचा, हाच गुण त्यांनी या जातीत आणला होता.

"चाहूल दिली कुणी?"

"मुळांनी. सगळी एकाच झाडाची रूपं, त्यामुळे मुळं भेटली की बेमालूम जुळतात. सारं शहर आता एकच झाड आहे. एकाला लागण झाली की इशारा सगळ्यांना."

"आणि इशारा मुळांतून आला, तर कुठली फांदी बंद करायची तेच कळत नाही..."

"म्हणून सगळ्याच बंद करतात. पण पहिलं आजारी झाड कुठलं? शहरात तर बुरशी आलेलीच नाही."

सुलभाताई उठून दाराकडे निघाल्या. दर वसंतात त्या प्रयोगशाळेच्या आवारातल्या मातृवृक्षाला स्वतः बुरशी टोचत. प्रतिकारशक्ती शाबूत आहे ना, हे पाहायला. एक फांदी वाळे, झाड तगे. यंदाही टोचली होती. फक्त यंदा त्याची मुळं शहरातल्या झाडांच्या मुळांना भेटली होती.

दोघं आवारात आले. मातृवृक्ष टवटवीत उभा होता, एकच फांदी वाळलेली. शत्रू नेमका कुठे आहे, हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.

"हा तोडला तर?" सुलभाताईंनी विचारलं.

"उशीर झालाय. आता वाळणारं प्रत्येक झाड पुढच्याला तोच निरोप देतंय. दक्षिणेकडची वाचवायची तर दर दोन झाडांमध्ये चर खणावा लागेल."

चर खणले गेले. दक्षिणेकडची झाडं वाचली. उत्तरेकडे करवती चालू असताना महापौरबाईंचा फोन आला.

"मॅडम, लोक विचारतायत, रोग कोणता होता?"

"रोग नव्हता," सुलभाताई म्हणाल्या. "झाडं निरोगी होती. मी त्यांना घाबरवलं."